नाकाच्या शेंड्यापुरतं

जालन्यात मी नाकं सुधारते. माणसं नाक घेऊन येतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात. चहाला बसलो की आमच्या सुनंदा सिस्टर म्हणतात, "मॅडम, तो सांगा ना." मग एकावर थांबणं होत नाही.

*

तीर्थपुरीचे एक गुरुजी. नाकाचा शेंडा बसका. मी समजावलं, कानातलं थोडं मऊ हाड, म्हणजे कूर्चा, काढून नाकाला आधार देऊ. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"बिलकुल काढा. फक्त चष्मा टेकायला कान राह्यला पायजे."

कान राहिला. आणि नाक असं झालं की गुरुजी आता फोटोला बाजूनं उभे राहतात.

*

एक पोरगी मोबाइलमध्ये स्वतःचाच फोटो घेऊन आली. फिल्टर लावून नाक गवारीच्या शेंगेएवढं केलेलं. "असंच करून द्या."

सोबतच्या मावशीनं फोटो निरखला. "आन् सर्दी झाल्यावर काय करशील गं?"

मी अर्धा तास हेच सांगत होते.

*

शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं, हे मी प्रत्येकाला बजावते. तरी महिन्याभरात केदारखेड्याच्या एका तरुणाचा फोन आला.

"मॅडम, सोयरिकीसाठी पाव्हणे येऊन राह्यलेत. सूज हाय अजून."

"मग?"

"त्याहीला पुढल्या साली या म्हणू का?"

मी नको म्हटलं. लग्न आधी झालं, सूज नंतर उतरली.

*

आणि पिंपळगाव रेणुकाईची प्रणाली. इथं बँकेत नोकरीला. शेंडा खाली झुकलेला, तो तिला शाळेपासून खुपत होता. सोबत वडील, आबा; नाक हुबेहूब तेच. लहानपणी जत्रेत हरवली, तर लोकांनी नाव न विचारता तिला आबांकडे आणून सोडलं होतं.

मी म्हटलं, "शेंड्याची कूर्चा टाके घालून जरा वर उचलते. बाकी नाक तिचंच राहील."

"तिचं न्हाई मॅडम, माझं हाय ते," आबा म्हणाले.

प्रणालीनं मान खाली घातली. तरी ऑपरेशनच्या दिवशी तिला घेऊन तेच आले.

पट्टी काढली. सूज होती, तरी शेंडा मला हवा तसाच आला होता, हे मी छातीठोक सांगते. प्रणाली आरशात बघून हसली. मग आबांकडे बघितलं आणि तिनं हसू आवरलं.

आबांनी तिच्या हातातला आरसा घेतला. आधी तिला पाहिलं, मग आरशात स्वतःला.

"बराबर झालं," ते म्हणाले. "मंग माझं कधी करता?"