इंदूच्या मागे बसून

रश्मीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रश्मी म्हणजे इंदूची सून. "मावशी, आई गेल्या. सकाळी चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत…" एवढंच ती बोलू शकली. मी तिला धीर दिला, लगेच येते म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा मेथीच निवडत बसले. शाळेपासूनची मैत्रीण गेल्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं. ते आलं, पण नंतर. आधी आला तो राग. मनात आलं, ही गेली, आणि जे एक वाक्य हिनं मला म्हणायचं होतं ते न म्हणताच गेली. आता ते मी कुणाकडून वदवून घेऊ? या गोष्टीला महिना होऊन गेला, तरी तो राग पुरता उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना असं लिहू नये हे मला कळतं, पण इंदूबद्दल गोडगोड लिहायला बाकीचे पुष्कळ आहेत.

तेव्हा आमचं राज्य मध्यभारत होतं. राजधानी उन्हाळ्यात आमच्या इंदूरला आणि थंडीत ग्वाल्हेरला, त्यामुळे दोन्ही गावांचं एकमेकांशी कधी सरळ बोलणं नसे. माझे वडील आधी दरबारच्या कचेरीत होते, संस्थान गेल्यावर त्याच टेबलावर नव्या सरकारचं काम करू लागले. आम्ही स्नेहलतागंजात राहायचो. इंदूचे वडील मल्हारगंजातल्या एका पेढीवर कारकून. आमची मुलींची शाळा राजवाड्याच्या मागच्या अंगाला होती. तिथे वरच्या मजल्यावर गायनाचा वर्ग भरायचा. दोन पेट्या, तबला, एक दिलरुबा, जलतरंगाचे चिनी मातीचे वाडगे आणि एक तंबोरा, एवढं आमचं वैभव. खालून बाजाराचा गलका येई, म्हणून मास्तर खिडक्या लावून घ्यायला लावायचे आणि मग आम्ही घामानं निथळत सा लावायचो. मास्तर विधुर होते, बोलायला तिरसट, पण कान असा की पंचवीस मुली एकदम गात असताना कुणाचा निषाद चढला ते नावानिशी सांगायचे.

मी त्या वर्गात इंदूच्या आधी दोन वर्षं होते. हे मी मुद्दाम सांगते आहे. शाळेच्या वाद्यवृंदात पुढे बसून गाणारी मुलगी आता मीच होणार असं सगळे धरून चालले होते, मीही. आईनं त्यासाठी मोरपंखी रंगाचं परकर-पोलकं वाढत्या मापाचं शिवून ठेवलं होतं. आणि त्या जूनमध्ये ही आली. तेलानं चापून बसवलेली लांब वेणी, पायात आईच्या वहाणा, वर्गाच्या दारात उभी राहून म्हणते, "मला गाणं येत नाही, पण शिकेन." मास्तरांनी सहज म्हणून तिला सा लावायला सांगितलं. तिनं लावला. मास्तर पेटीवरचा हात तसाच ठेवून ऐकत राहिले. आवाज होताच तसा. खोटं कशाला बोलू? माझा सूर पक्का, ताल पक्का, पाठांतर पक्कं, पण तिनं नुसतं तोंड उघडलं तरी ऐकणारा मान वर करायचा. मी मेहनत करायची आणि हिनं जन्मतःच घेऊन यायचं, हा कुठला न्याय?

मास्तरांनी तिला पुढे बसवलं आणि मला तंबोरा देऊन तिच्या मागे. त्यांची ही खास रीत होती. लोकांना वाटायचं, मागची मुलगी नुसत्या तारा छेडते आहे. पण मागच्या मुलीचं खरं काम गाण्याचं. पुढचीच ओळ, पुढचाच स्वर, फक्त दबलेल्या आवाजात, आणि श्वास मात्र उलटा. मास्तर म्हणायचे, "ती श्वास घेईल तेव्हा तू घ्यायचा नाही, विमल. तू घेशील तेव्हा ती घेणार नाही. स्वर कुठे तुटता कामा नये. और किसीको पता भी नहीं चलना चाहिए." कार्यक्रमात नावं पुकारताना मागच्या मुलीचं नाव ते कधीच घ्यायचे नाहीत. नाव घेतलं की लोक तिच्याकडे बघणार, आणि मग सगळी करामत उघडी पडणार. तीन वर्षं मी इंदूची पाठ बघत गायले. पोलक्यावरची वेणी किंचित वर उचलली गेली की समजायचं, बाईसाहेब आता श्वास घेणार. तिच्या आईला तिची पाठ जेवढी ठाऊक नसेल तेवढी मला होती. आम्ही डबा एकत्र खायचो, घरी एकत्र जायचो, आणि सगळ्या शाळेत आमच्यासारखी जोडी नव्हती. पण वर्गात एकदा का ती पुढे जाऊन बसली की मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची, आणि नेमकी तीच डोळ्यांसमोर असायची.

अकरावीच्या वर्षी ग्वाल्हेरला सगळ्या राज्यातल्या शाळांच्या वाद्यवृंदांची स्पर्धा भरली. डिसेंबरची थंडी. उज्जैनला गाडी बदलून आम्ही निघालो. जलतरंगाचे वाडगे एकेकीनं आपापल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतले होते, कारण मास्तरांचा हमालावर भरवसा नव्हता. वाटेत एका स्टेशनावर बोरं विकायला आली. मास्तरांनी सगळ्यांना दरडावून सांगितलं होतं की आंबट काही खायचं नाही. इंदूनं ती बोरं खाल्ली. तिखटमीठ लावून, खिडकीकडे तोंड करून, हाताआड. मी बघत होते. "घसा धरेल तुझा," मी म्हणाले. "छोड ना गं, चारच तर आहेत," ती म्हणाली आणि एक माझ्यापुढे धरलं. मी खाल्लं नाही. मला वाटलं होतं तेच झालं, आणि मला आनंद झाला हेही लिहून टाकते. ग्वाल्हेरला उतरलो तेव्हा इंदूचा आवाज अर्धा बसलेला होता. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मी तंबोरा पुसत बसले आणि वाट बघत बसले की आता मास्तर म्हणतील, विमल, तू पुढे ये. मोरपंखी परकर-पोलकं मी पिशवीत घेऊनच गेले होते. पण मास्तरांनी इंदूला गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, गळ्याला माझाच मफलर गुंडाळला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज तुझ्यावर आहे सगळं." पुढे ये म्हणाले नाहीत.

मास्तरांनी बांधलेल्या त्या वंदनगीताच्या शेवटी एक जागा होती. तिथे सगळी वाद्यं थांबायची, नुसता तंबोरा राहायचा आणि गाणारीनं वरचा सा धरून ठेवायचा, मास्तर तबल्याला खूण करीपर्यंत. इंदूनं तिथवर कसंबसं निभावलं. सा लावायला गेली आणि मला दिसलं, वेणी हललीच नाही. श्वास नव्हता आणि आवाजही नव्हता. मी तंबोऱ्याच्या दांडीआड हनुवटी घालून तो स्वर उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दबून न गाता मोकळ्या गळ्यानं लावला. मास्तर खूण करीनात. मला वाटतं, ते विसरलेच. त्या मोठ्या हॉलमध्ये माझा एकटीचा स्वर फिरत होता आणि मला तो परका वाटत होता, इतका तो चांगला लागला होता. आणि पुढे इंदू? तिनं तोंड उघडंच ठेवलं होतं. हात वर केलेला, मान किंचित कललेली, चेहऱ्यावर तल्लीन भाव. मागून मला चेहरा दिसला नाही, पण नंतर सगळ्यांनी त्याच भावाचं तोंडभरून कौतुक केलं.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. परीक्षकांपैकी एक वयस्क गवई मुद्दाम मंचावर आले आणि इंदूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "इंदूरवाल्यांनो, या पोरीचा तो शेवटचा षड्ज मी मरेपर्यंत विसरणार नाही." इंदूनं वाकून नमस्कार केला. घसा बसलेला, तेव्हा ती बोलणार काय? पण मान हलवता येत होती. बोट दाखवता येत होतं. मी मागे तंबोरा धरून उभी होते. मास्तरांनी खाली उतरल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास. कुणाला कळलं नाही." त्यांच्या दृष्टीनं याहून मोठं कौतुक नव्हतं. मी त्या थापेवर सगळी रात्र रडले. परतीच्या गाडीत इंदू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. घसा बरा झाल्यावर बोलेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. घसा बरा झाला. ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. आपण होऊन म्हणेल तर त्यात अर्थ, मागून घेतलेल्याला काय चव?

पुढे तिचं सगळं चांगलंच झालं. रेडिओवर गायली, आमच्याच शाळेत गायनाच्या बाई म्हणून लागली, आणि निवृत्तीनंतरही शाळेनं तिला सोडलं नाही. माझं लग्न झालं, टपालखात्यात नोकरी लागली, गाणं देवापुढच्या आरतीपुरतं उरलं. आम्ही दोघी बाजाराला जायचो तर दर दहा पावलांवर कुणीतरी बाई वाकून तिच्या पाया पडायची, आणि मी भाजीची पिशवी धरून बाजूला उभी. "ही माझी मैत्रीण विमल," ती आवर्जून सांगायची. एवढंच सांगायची. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, पण दुसऱ्या आठवड्यात मीच पुन्हा तिच्या दारात हजर. माझ्या यजमानांना बरं नव्हतं तेव्हा ती रोज डबा घेऊन यायची, माझ्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं तिनं म्हटली. असल्या माणसाचा हेवा करणं सुद्धा धड जमत नाही. शेवटी भेटले तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. मी मुद्दाम ग्वाल्हेरचा विषय काढला. तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता… "किती थंडी होती गं तेव्हा," ती म्हणाली, आणि रश्मीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

शोकसभा शाळेतच झाली, वरच्या मजल्यावरच्या त्याच खोलीत. मी मागच्या खुर्चीवर बसले. मुलींचा वाद्यवृंद तयार होता. सूत्रसंचालन करणारी मुलगी उठली आणि म्हणाली, "पाठीमागे आवाज, सानिया खान. गायन, पूर्वा जोशी." आधी मागची, मग पुढची. मला वाटलं, पोरीची चूक झाली. शेजारी नेहा बसली होती, इंदूची विद्यार्थिनी, आता तिच्या जागी शिकवते. तिला मी विचारलं, तर तिलाच नवल वाटलं. "मावशी, तुम्हाला मालूम नाही? हा तर बाईंचा नियम. मागच्या मुलीचं नाव पहिले घ्यायचं. नवीन बैच आला की पहिल्याच दिवशी ग्वालियरचा किस्सा सांगायच्या. म्हणायच्या, तो सा माझा नव्हता, विमलचा होता. मी फक्त मुँह खोलके बैठी थी." हे म्हणताना नेहानं इंदूसारखा हात वर करून, तोंड उघडून दाखवलं. म्हणजे तिनं अभिनय सुद्धा करून दाखवला होता पोरींना. मी कसंबसं विचारलं, मग मला का नाही कधी म्हणाली? नेहा संकोचली. "आम्ही पण विचारलं होतं एकदा. तर बोलल्या, विमलसमोर माझी हिंमत नाही होत. उसने इतने साल में एक बार भी पूछा नहीं."

मग नेहा उठून पुढे गेली आणि वाकून त्या सूत्रसंचालक मुलीच्या कानात तिनं काही सांगितलं. ती लहानशी मुलगी माइकपाशी गेली आणि म्हणाली की आज आपल्यात विमलताई आलेल्या आहेत, आणि खोलीतल्या सगळ्या वयांच्या बायका एकदम मागे वळल्या. कुणी ओळख विचारली नाही. त्यांना मी ठाऊक होते. पांढऱ्या केसांच्या बायका, नातवंडं घेऊन आलेल्या, परवा दहावी झालेल्या, लोक इंदूकडे जसे बघताना मी आयुष्यभर पाहिले, तशाच सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. हेच मला हवं होतं. मी हात जोडले, हसले सुद्धा. आणि मग पुढे वाद्यवृंद सुरू झाला, पण मला गाणं काही ऐकू येईना. मी त्या एकेका बाईच्या तोंडाकडे बघत होते. हिला तिनं सांगितलं. हिलाही सांगितलं. त्या कोपऱ्यातल्या चष्मेवालीला सांगितलं, त्या चिमुरडीलाही सांगितलं, दर वर्षी, हात वर करून, हसत हसत, याच खोलीत. जे ऐकायला मी आयुष्यभर तिच्या दारात जात राहिले ते तिच्या तोंडून या सगळ्यांनी ऐकलं. इंदूचा हेवा मी आता कसा करणार? पण त्या बायकांचा मात्र मला त्या दिवसापासून फार हेवा वाटतो.