बकरीनं खाल्लेला शालू

धामणगाव बढेच्या बाजारात पिठाच्या गिरणीला लागून एक अरुंद दुकान आहे. पाटीवर 'नीळकंठ फोटो स्टुडिओ' असं लिहिलंय, त्यातला 'फो' उन्हानं केव्हाच उडवून नेला. दिवाळीनंतर हे दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं द्यायचं ठरलंय. ठरवलं ते जयमालावहिनींनी स्वतःच. मुलगा शंतनु पुण्याहून दर रविवारी फोनवर तेच तेच सांगून थकला होता, की आई, आता स्टुडिओत कोण येतं फोटो काढायला? वहिनींनी एका रविवारी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पडदा झटकायला गेल्या. ग्राहक येवो न येवो, पडदा रोज झटकायचा ही त्यांची सवय.

त्या पडद्याविषयी सांगायलाच हवं. मलकापूरच्या एका पेंटरनं त्यावर काश्मीरचं तळं रंगवलं होतं आणि तळ्यात राजहंस. त्या गृहस्थानं काश्मीरही पाहिलं नव्हतं आणि राजहंसही. त्यामुळे नळगंगेच्या काठचे बगळे बर्फाळ पाण्यात पोहतायत, असं ते दृश्य होतं. गावातल्या निम्म्या नवरदेवांनी त्या बगळ्यांसमोर उभं राहून, स्टुडिओचा एकुलता एक काळा कोट चढवून फोटो काढलेत. कोट मोठा होता. मागून तो कपड्यांच्या चिमट्यांनी आवळलेला असे, पण समोरून माणूस थेट तहसीलदार दिसायचा.

पुरुषांना कोट, तसा मुलींना शालू. हा शालू मात्र स्टुडिओचा नव्हता, तो जयमालावहिनींच्या लग्नातला होता.

वहिनी देऊळगाव राजाच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा इथल्या 'मले-तुले'त त्यांचं 'मला-तुला' ऐकून गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. नीळकंठरावांनी नवीनच दुकान टाकलं होतं. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला मुली यायच्या त्या घरच्या विटक्या साड्यांत. एक दिवस नीळकंठराव घुटमळत म्हणाले, "चार दिवस तुहा शालू दे ना दुकानात." ते चार दिवस संपायला बरीच वर्षं लागली. मोरपंखी रंगाचा तो शालू नेसून मोताळा तालुक्यातल्या किती मुली बोहल्यावर चढल्या, त्याला गणती नाही. एकदा जालन्याकडच्या एका घरी तीन स्थळांचे तीन फोटो एकाच वेळी पोचले. तिन्हींत तोच शालू, तीच फुलदाणी, तेच बगळे. पाहुण्यांनी मध्यस्थाला खडसावून विचारलं, "एकाच पोरीला तीन नावांनी खपवायला निघालात का हो?" मध्यस्थ बिचारा आईची शपथ घेऊन सुटला.

शालू नेसवायचं काम वहिनींचं. पावडर लावायची, वेणी पुढे घ्यायची, हनुवटी खाली करायची. पण कॅमेऱ्यामागे नीळकंठराव दिसले, की पोरी लाकडासारख्या ताठ व्हायच्या. मग ते सगळं मांडून देऊन बाहेर गिरणीवर जाऊन बसायला लागले आणि बटण वहिनी दाबायला लागल्या. नुसतं दाबता दाबता नजर कधी तयार झाली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. कुणाची डावी बाजू चांगली, कुणाला बोलतं ठेवलं पाहिजे, कुणाला गप्प, हे त्यांना मुलगी दारातून आत येतानाच उमगायचं. रोल मलकापूरच्या लॅबमधून धुऊन आला, की नीळकंठराव कौतुकानं म्हणायचे, "जया, तुहा हात चांगला बसला बरं!" आणि फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का मारायचे. नीळकंठ फोटो स्टुडिओ. त्या माणसाच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण शिक्का उठताना वहिनींना आत कुठंतरी लागायचं.

धंद्याची एक खुबी होती. मुलगी सावळी असली, की कॅमेऱ्याचं भिंग एक घर जास्त उघडायचं. उजेड भसाभस आत जातो आणि गव्हाळ रंग दुधाळ होतो. हे सगळ्यांना हवंच असे. मुलीच्या बापाला, मध्यस्थाला आणि बहुधा मुलीलाही.

पुष्पांजली ही मूळची उंद्रीची. आई लहानपणीच गेली, म्हणून ती इथं मामाकडे राहायची. मामांचं नाव कारभारी, आणि माणूसही नावाला साजेसा, घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. पोरगी तव्यासारखी काळी, डोळे मात्र असे, की बोलणाऱ्यानं बोलणं विसरावं. वहिनींनी रीतीप्रमाणे पावडर लावली, शालू नेसवला, भिंग एक घर जास्त उघडलं. फोटो झकास आला. फोटो पाहून पाहुणे आले, मुलगी पाहून चहासुद्धा न संपवता उठले. पुन्हा आले, पुन्हा उठले. असं वरचेवर झालं. शेवटच्या खेपेला एक म्हातारी जाताना म्हणाली, "आमाले फोटोतली पाह्यजे होती." दुसऱ्या दिवशी पुष्पांजली एकटीच स्टुडिओत आली. ती रडली नाही. तिनं सरळ सांगितलं, "वहिनी, मले नका व गोरी करू. मी हावो तशी काढा. ज्याले पाह्यजे थो येईल."

नीळकंठराव त्या दिवशी लग्नाच्या ऑर्डरीवर गेले होते. वहिनींनी पोरीला पडद्यासमोर बसवलंच नाही. मागच्या दारी नेलं, उंबऱ्यावर बसवलं. घरचं सुती लुगडं, तोंड धुतलेलं, पावडरीचा कण नाही. गिरणीच्या भिंतीवरून परतून आलेला सकाळचा उजेड तिच्या गालावर पडला होता आणि तो काळा रंग नुसता चमकत होता. वहिनी भिंगात पाहत राहिल्या. इतके दिवस आपण हे झाकत होतो? पण पोरगी आखडून बसली होती आणि बटण दाबायला मन होत नव्हतं.

अंगणात दोरीवर शालू वाळत घातला होता. तेवढ्यात शेजारची बकरी आली आणि तिनं निवांतपणे शालूचा पदर तोंडात धरला.

"अवं वहिनी, बकरीनं शालू खाल्ला तुमचा!" पुष्पांजली ओरडली, अर्धवट उठली, हात पुढे केला आणि तिला असं काही हसू फुटलं, की ते आवरेचना. वहिनींनी बकरीकडे पाहिलंच नाही. त्यांनी बटण दाबलं. मग आणखी एकदा दाबलं. तोवर जरीच्या पदराचा वीतभर तुकडा बकरीच्या पोटात गेला होता.

फोटो धुऊन आला. हा आपला फोटो, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कारभारींनी तो पाहिला आणि त्यांचा आवाज थेट गिरणीपर्यंत गेला. "दात काढलेला फोटो कोन दाखवते पाव्हण्याले? थट्टा लावली का तुमी पोरीची?" ते फोटो काउंटरवर आपटून निघून गेले. पुष्पांजली मागे राहिली होती. तिनं फोटो उचलला, पोलक्यात घातला आणि मामांच्या मागे गेली.

नीळकंठरावांनी दुसरी प्रत बराच वेळ उजेडात धरून पाहिली. "फोटो चांगला हाय, जया," ते म्हणाले. "पन कामाचा नाई."

महिन्याभरात मामांनी भाचीला उंद्रीला बापाकडे धाडून दिलं. त्यांनी स्टुडिओची पायरी सोडली ती सोडलीच. रस्त्यात भेटले तरी मान फिरवायचे, आणि पोरीचं पुढं काय झालं हे विचारायची वहिनींची छाती झाली नाही. मग कारभारी वारले. आपल्या हौसेपायी एका पोरीचं जमायचं ते राहून गेलं, ही टोचणी वहिनींना कायमची लागली.

धंदा पुढे वाढला. लग्नांच्या ऑर्डरी आल्या, मग व्हिडिओ, मग रोल जाऊन कार्डाचे कॅमेरे आले. नीळकंठराव वारल्यावर वहिनी कॉम्प्युटरवर अल्बम लावायला शिकल्या. चष्मा कपाळावर चढवून, माउसला शिव्या घालत शिकल्या, पण शिकल्या. प्रत्येक लग्नात एखादा फोटो त्या स्वतःसाठी काढायच्या, ज्याचा कुणाला उपयोग नाही असा. भांडी घासता घासता गाणारी बाई, मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला नवरीचा बाप. लोक अल्बम पाहताना तेवढं पान भर्रकन उलटायचे. वहिनींना वाईट वाटायचं, आणि मग नीळकंठरावांचं ते वाक्य आठवायचं. कामाचा नाई.

तर दुकान द्यायचं ठरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एक फोन आला.

"देऊळगाव राजावरून बोलून राह्यली. माह्या पोरीचं लगन हाय. एक फोटो काढायचा, तुमच्याच हातचा."

"एकच?"

"हाव, एकच. बाकीचं पोराकडचे करून राह्यले. त्याहिचा ड्रोन का काय हाय."

दिवाळीनंतरची तारीख आणि स्टँडवर घ्यायला येते, एवढं सांगून झालं; नाव विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता. शंतनु ऐकून हसला. एका फोटोसाठी बुलढाणा, चिखली ओलांडून जाणार? वहिनी म्हणाल्या, माहेरचं गाव आहे, त्या निमित्तानं बालाजीचं दर्शन होईल. खरं म्हणजे 'तुमच्याच हातचा' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जात नव्हते.

एसटीतून उतरल्या तेव्हा घ्यायला एक भरल्या अंगाची बाई आली होती. केस पिकलेले, रंग काळा, आणि डोळे बघितल्याबरोबर वहिनींच्या हातातली पिशवी खाली आली.

"पुष्पा?"

"वळखलं व तुमी!" पुष्पांजली म्हणाली आणि भर स्टँडवर त्यांच्या गळ्यात पडली.

घर चांगलं होतं. नवऱ्याची शेडनेटमध्ये बियाण्यांची शेती, मांडव पडलेला, आचारी आलेले. पुष्पांजलीनं वहिनींना आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर तो फोटो होता. अर्धवट उठलेली पोरगी, पुढे केलेला हात, सगळे दात दाखवणारं हसू. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. जे विचारायला इतकी वर्षं धीर झाला नव्हता, ते त्यांनी विचारलं.

"यानं जमलं का गं तुझं?"

"कायचं जमते!" पुष्पांजली हसली. "हा दाखवला तं पाव्हणे पाहाले आलेच नाई. माह्या सासूनं मले एका लग्नात बुंदी वाढताना पाह्यलं अन् सरळ बापाले जाऊन इचारलं. फोटोचा संबंधच नाई."

वहिनींचा चेहरा उतरला. पुष्पांजलीच्या ते लक्षात आलं.

"आयका ना वहिनी. थे मधले दिवस लई वाईट होते. कोनी ना कोनी येऊन नाई म्हनून जाये. रोज वाटे, हिरीत उडी घ्यावं. मंग हा फोटो काढून पाहो. म्हनो, मी अशी बी दिसतो. मले अशी पाहनारं एक मानूस हाय." तिनं डोळ्यांना पदर लावला. "यानं लगन नाई जमवलं, पन थोवर मले जित्तं ठेवलं."

तिनं फोटो भिंतीवरून काढला आणि चौकट उलटी करून मागचा पुठ्ठा सरकवला. जांभळा शिक्का फिका झाला होता. त्याच्या खाली निळ्या बॉलपेननं, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं : काढणार – जयमालावहिनी.

आपलं नाव फोटोच्या पाठीवर वहिनी पहिल्यांदाच वाचत होत्या. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मुलगी निशिगंधा आईच्याच रंगावर गेलेली. पार्लरवाली तिच्या तोंडावर काहीतरी थापत होती. वहिनी म्हणाल्या, "पोरी, जा, तोंड धुऊन ये." मग तिला मागच्या दारी उंबऱ्यावर बसवलं. पोरगी आखडून बसली, अगदी आईसारखी. पुष्पांजली मागून म्हणाली, "वहिनी, आता बकरी कुठून आनू?" निशिगंधाला ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती. ती मागे वळून आईकडे पाहत खळखळून हसली आणि वहिनींनी बटण दाबलं.

धामणगावला परतल्यावर त्यांनी मोठी प्रत काढून आणली. दुकानातलं सामान बांधायला काढलं होतं, पडदा गुंडाळून झाला होता. खोक्यातून त्यांनी जुना शिक्का शोधला. शाईची गादी वाळलेली, तिच्यावर पाण्याचे थेंब टाकले, शिक्का फोटोच्या पाठीवर दाबून धरला. नीळकंठ फोटो स्टुडिओ, फिकं पण वाचता येण्यासारखं उठलं. मग चष्मा नीट केला, पेन घेतलं आणि त्याच्या खाली सावकाश लिहिलं : काढणार – जयमाला.

'वहिनी' लिहायचं राहिलं, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.