तिसऱ्या बटणाचं माप

खाजगी आवारातलं झाड तोडायचं की ठेवायचं, हे नगरपालिकेत ज्या एका माणसाच्या मानेवर अवलंबून होतं, त्यांना सगळे झाडसाहेब म्हणत. मान आडवी हलली की अर्ज नामंजूर. ती उभी हललेली पाहणारी माणसं मोजकीच होती आणि ती स्वतःला भाग्यवान समजत.

नियम सोपा होता. जमिनीपासून एकशेतीस सेंटिमीटरवर बुंध्याचा घेर मोजायचा. नव्वदच्या आत भरला तर मालकाने नुसतं कळवावं आणि झाड काढावं. नव्वद किंवा जास्त भरला, तर झाड रोगट किंवा धोक्याचं असल्याशिवाय हात लावायचा नाही. आता ती एकशेतीसची उंची दर वेळी कोण मोजत बसणार? नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबांना शोध लागला, की आपल्या शर्टाचं गळ्यापासून तिसरं बटण बरोब्बर त्या उंचीवर येतं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं ते झाडाला छाती टेकवत आणि बटणाच्या रेषेत फीत गुंडाळत. लांबून बघणाऱ्याला वाटे, बऱ्याच दिवसांनी भेट झालेली दिसते. खात्यात या युक्तीचा इतका बोलबाला, की नव्या माणसाला आधी साहेबांचं बटण दाखवत, मग बसायची खुर्ची.

आणि एके दिवशी साहेबांच्या टेबलावर त्यांच्या सख्ख्या ताईचा अर्ज आला.

भावोजींना सात महिन्यांपूर्वी झटका येऊन पाय गेले आणि ते चाकाच्या खुर्चीत बसले. घराच्या दारापासून फाटकापर्यंत एक बोळवजा वाट. एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची भिंत, मधोमध झाड. धडधाकट माणूस अंग चोरून जाई. खुर्चीला अंग चोरता येत नाही. सात महिन्यांत भावोजी फाटकाबाहेर गेले ते फक्त दवाखान्यात, तेही चौघांनी गादीसारखं उचलून.

साहेब आले, झाडाला भिडले, फीत वाचली आणि त्यांचा चेहरा पडला.

"एक्क्याण्णव."

"म्हणजे?" ताईने विचारलं.

"म्हणजे नाही, ताई."

"दोनच सेंटिमीटरचा प्रश्न आहे ना?" खिडकीतून भावोजी म्हणाले. "किसणी द्या, मी इथून साल किसतो."

ताई मात्र भावाच्या छातीकडे बघत होती. "तू ते बटण कशाला टेकवतोस रे झाडाला?"

साहेबांनी अभिमानाने सगळी हकिगत सांगितली. ताई मटकन पायरीवर बसली. तिचा शिवणकामाचा धंदा होता आणि साहेबांचे सगळे शर्ट तीच शिवायची.

"अरे माझ्या राजा, तुझं पोट सुटल्यापासून मी बटणं खाली सरकवलीत! पोटाच्या घेरावर नेमकं एक यावं लागतं, नाहीतर फट पडते. सात वर्षं झाली, तीन बोटं खाली लावतेय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पोट सुटलंय हे पुरुषमाणसाला काय सांगायचं? त्याला दिसतं की!"

साहेबांनी फीत जमिनीला टेकवली, एकशेतीसवर ताईच्या खडूने रेघ मारली आणि पुन्हा मोजलं. अठ्ठ्याऐंशी.

"झालं तर मग!" ताई उठली. "उद्याच माणूस बोलावते."

साहेब तिथेच फीत गुंडाळत राहिले. गुंडाळून झाली तरी बोटं फिरतच होती. झाड खाली जाड असतं. सात वर्षं ते प्रत्येक झाड खालीच मोजत आले होते. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव... अशी काठावरची नामंजूर झालेली झाडं त्यांना वही न उघडता आठवली. अकरा.

"तुझं शेवटी, ताई," ते म्हणाले. "आधी त्या अकरा जणांकडे जातो. बहिणीपासून सुरुवात केली, तर चूक सुधारली असं कोण म्हणेल?"

ताईने तोंड उघडलं. पण भावोजींनी तिला हाताने थांबवलं. "जाऊ दे त्याला. मी कुठे पळून चाललोय?"

पहिलं घर घड्याळजीचं होतं. कामाच्या खिडकीसमोरच झाड असल्याने पाच वर्षं तो भर दुपारी दिवा लावून बारीक चक्रं जुळवत होता. साहेबांना दारात बघून तो म्हणाला, "पुन्हा नाही म्हणायला आलात? एकदा ऐकलंय."

"नाही. माझं माप चुकलं होतं. तुमचं झाड तेव्हा नियमात बसत होतं, म्हणून आजही काढता येईल."

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "अगं ए, बाहेर ये! साहेब चुकलं म्हणतायत!" पिठाचे हात घेऊन बायको आली. "हं, म्हणा पुन्हा. हिने ऐकलं नाही."

साहेबांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. पाच वर्षांचा तो दिवा आत अजून जळत होता.

उरलेली दहा घरं त्यांनी चार दिवसांत उरकली. दोघांनी दार लावून घेतलं, एकाने झाड आता राहू द्या म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी ताईची वाट मोकळी झाली. भावोजींनी खुर्ची फाटकापर्यंत नेली, फाटक उघडलं आणि मागे न बघता कोपऱ्यावरून वळले. ताई ओरडत मागे धावली. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. "पळू दे त्यांना, ताई," ते म्हणाले.