बुधाजीबाबांची मूळ फाइल

हिरा नवा पेनड्राइव्ह घेऊनच आली होती. वरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. भिसेगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात ती खुर्चीच्या कडेला टेकली आणि पेनड्राइव्ह माझ्यासमोर ठेवला.

"दादा, बाबाचा आवाज यात भरून द्या. शुक्रवारी सुनावनी हाय."

बाबा म्हणजे तिचे चुलते, बुधाजीबाबा. कर्जतच्या डोंगरातल्या एका ठाकूरवाडीतले सगळ्यांत म्हातारे. महिन्यापूर्वी ते वारले. हिराची डोंगरउतारावर दळी आहे, म्हणजे नाचणी-वरीपुरता कसलेला तुकडा. जमीन कागदावर वनखात्याची, पिढ्यान् पिढ्या कसणारे हे लोक. ती नावावर व्हावी म्हणून हिराने वनहक्काचा दावा टाकला होता. त्याला दोन पुरावे लागतात. एक होता, शेताचे जुने बांध. दुसरा म्हणजे वाडीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याचा जबाब, की ही जागा हिचा बाप कसत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. हे सांगू शकणारे बुधाजीबाबा तेवढे उरले होते.

"जबाब लिहून नाही घेतला त्यांचा?" मी विचारलं.

"घ्यायचाच व्हता. पन तुमीच बोल्ला व्हता ना, आवाज कायम राहनार म्हनून. मंग म्हटलं, हाय की."



बोललो होतो खरं. माझं काम आवाज गोळा करण्याचं. फोनला शहरी मराठी कळते, डोंगरातल्या वाड्यांची बोली कळत नाही. ती कळायची तर त्या बोलीतलं बोलणं तासन् तास मशीनला ऐकवावं लागतं. त्याला आम्ही डेटा म्हणतो. आमचा प्रकल्प टांझानियातल्या एका गटाबरोबर जोडीने चालतो. त्यांच्याकडेही अशाच लहान भाषा, हीच अडचण. दर पंधरा दिवसांनी व्हिडिओ कॉल. पद्धती एकमेकांना सांगायच्या, चुकाही सांगायच्या, असं ठरलेलं.

माइक काढला की वाडीतले लोक गप्प होतात. कागद घेऊन आलेल्या माणसाने त्यांचं आजवर भलं केलेलं नाही, त्यांचा काय दोष? म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. "बाबा, तुम्ही गेलात तरी तुमचा आवाज कायम राहील." हमखास चालायचं. बुधाजीबाबा त्यावर हसले आणि अंगणात बसून दीड तास बोलले. हिराच्या बापाबरोबर दळी कशी खांदली, कुठून कुठपर्यंत, सगळं नावागावासकट. मी मान डोलावत होतो. लक्ष आवाजाच्या मीटरकडे होतं.

पुढचं काम ऑफिसात होतं. रेकॉर्डिंगचे पाच-सात सेकंदांचे तुकडे करायचे. माणसांची, जागांची नावं येतील तिथे आवाज बंद करायचा, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडत नाही. मग शेकडो लोकांचे तुकडे एकत्र मिसळायचे. तपासणी झाली की मूळ फाइल डिलीट. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे आणि मी तो इमानेइतबारे पाळला होता.

हे हिराला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. "उद्या या," म्हणालो. ज्या दोन शब्दांसाठी सरकारी कचेऱ्यांना जन्मभर शिव्या घातल्या, तेच माझ्या तोंडून आले.

मी प्रकल्पप्रमुख सामंत सरांना फोन लावला.

"सर, मूळ फाइलींचा बॅकअप कुठे असेल?"

"बॅकअप ठेवायचा तर डिलीट कशाला करतोय आपण?"

"एका बाईची जमीन जाईल, सर."

सर म्हणाले, "तुझी नोंदींची शीट उघड. 'प्रत परत दिली' असा कॉलम आहे. बुधाजींसमोर काय लिहिलंयस?"

मी उघडली. तिथे लिहिलं होतं, 'होईल'.

हा कॉलम टांझानियाच्या गटातल्या नेमाबाईंच्या हट्टाने आला होता. पहिल्याच कॉलवर त्या म्हणाल्या होत्या, "तुकडे करण्याआधी अख्खं रेकॉर्डिंग आम्ही त्या घराला परत देतो. ते त्यांचं आहे, आपण मागून आणलेलं." मी मनात म्हटलं होतं, बाई, इथे वाडीत रेंज मिळायची मारामार, प्रत ऐकणार कशावर? खरं तर साधं मेमरी कार्ड कुणाच्याही मोबाइलमध्ये बसलं असतं. पण पुन्हा डोंगर चढायचा कंटाळा होता.

आता त्यांनाच फोन केला. 'मी सांगितलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. एकाच माणसाचा आवाज वेगळा काढणारा प्रोग्राम त्यांनी तासाभरात पाठवला. दोन दिवस मी हेडफोन लावून बुधाजीबाबांचे तुकडे ऐकत होतो, मागेपुढे लावत होतो. हिरालाही सगळं खरं सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "बघा जमंल तसं."

शुक्रवारी सुनावणीत मी ते जोडलेले तुकडे वाजवले, साहेबांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"ही जागा... ची," बुधाजीबाबा सांगत होते. "आमी दोघांनी खांदली. त्या... पासनं ह्या... पावतर. मी सोता व्हतो."

"कुणाची जागा?" साहेबांनी विचारलं. "नाव कुठे आहे?"

"नावं मीच काढली, साहेब. नियम आहे आमचा."

"आणि हा क्रम कुणी लावला?"

"मीच."

"तुम्ही वाडीतले?"

"नाही. पण बाबांनी हिच्या बापाचं नाव घेतलं होतं. मी साक्ष देतो."

"तुम्ही जागा कसताना पाहिलेली नाही. कुणीतरी सांगितलेलं ऐकलंय," साहेब म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं.

पुरावा अपुरा, दावा नामंजूर.

बाहेर हिरा पायरीवर बसली. "समदी नावं घेतली व्हती बाबानं," ती म्हणाली. "मी थितंच बसले व्हते." तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेनड्राइव्ह तिने पदराच्या गाठीत बांधला आणि टेंपो गाठायला निघाली.

अपील केलंय. पण त्यात नवीन सांगायला कोण आहे?

आता आम्ही कात्री लावण्याआधी अख्ख्या रेकॉर्डिंगचं मेमरी कार्ड माणसाच्या हातात ठेवतो, मगच फाइल ऑफिसात येते. ते हमखास चालणारं वाक्य मी बंद केलं. लोक कमी बोलतात, चालायचंच. परवा सर म्हणाले, तपासणीला माणसं येणार आहेत, शीटमधलं ते 'होईल' बरं दिसत नाही, काढून टाक. बुधाजीबाबांच्या नावासकट तेवढंच माझ्याकडे उरलंय. ते मी पुसलेलं नाही.