श्रावणातली मरळ

"थांब," मामा म्हणायचे. फेकायच्या आधी नाही, फेक अर्ध्यात आली की. काठी मागे गेली की जाड दोरी डोक्यावरून मागे उलगडत जाते. ती सरळ होईपर्यंत हात तसाच धरून ठेवायचा आणि मगच पुढे आणायचा. मला ते कधी साधलं नाही. दोरी अर्धी उलगडलेली असतानाच माझा हात पुढे यायचा, चाबकासारखा फट् आवाज व्हायचा आणि टोकाची माशी तुटून मागच्या बाभळीत जायची.

"गेली अजून एक. तुझ्या मामीचा कोंबडा औंदा बोडकाच फिरनार."

ही माशी म्हणजे गळाभोवती कोंबड्याच्या मानेची पिसं काळ्या दोऱ्याने आवळून बांधलेली वस्तू. पाण्यावर पडली की बुडता किडा वाटावी अशी. मामा साखर कारखान्यात फिटर होते. तिथे दोन हंगामांसाठी आलेल्या एका इंजिनिअरने जाताना त्यांना ही काठी देऊन टाकली होती आणि चार रविवार फेक शिकवली होती. पुढचं मामा चुकत चुकत शिकले. कर्जत तालुक्यातल्या त्यांच्या गावात सगळे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. मामांचा प्रकार बघून सुरुवातीला लोक बांधावर बसून हसत. मग हसायलाही कंटाळले.

निवृत्त झाल्यावर मामांचे दोन्ही गुडघे गेले. मोटारसायकल सुटली. पायी जाता येईल असं एकच पाणी उरलं, गावामागचा पाझर तलाव. मामी म्हणायची, "तळ्यावर गेले न्हाईत की दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसत्यात. जाऊ दे बाई त्यांना."

मी वाढले केडगावला, पत्रकांच्या घरात. कुठलंही आंदोलन असो, पत्रक माझे वडील लिहीत आणि घड्या आम्ही घालत असू. मला अक्षरओळख झाली तीच 'जाहीर निषेध' या शब्दांनी. जे खरं आहे ते छापलं पाहिजे, आणि छापलं की काम झालं, असं मला वाटत आलं. पहिला अर्धा भाग मला अजून पटतो. दुसऱ्या भागाने मी दमले.

तलावाचा मासेमारीचा ठेका एका माणसाने घेतला होता. त्याने रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली आणि भरावावर पाटी लावली : गळ टाकण्यास सक्त मनाई. लहानपणापासून तिथे गळ टाकणाऱ्यांना राखणदार हाकलू लागला. मामांना मात्र त्याने गवताकडचा एक काठ मोकळा ठेवला. कारण मामा धरत ती मरळ, आणि मरळ बोटुकली गिळते. ठेकेदाराला राखणदाराने सांगून टाकलं होतं, "फिटर मरळ काढतोय, आपलंच काम करतोय." यात लिहिलेलं काही नव्हतं. कुणी कुणाला काही विचारलंही नव्हतं.

फक्त श्रावणात मामा मरळ सोडून देत. घरात महिनाभर मासा शिजायचा नाही, आणि त्या दिवसांत मरळीच्या अंगाखाली पिल्लं असतात. मोठी मरळ काढली की पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात. राखणदारही श्रावण पाळणारा. मामा पाण्यात हात घालून बसले की तो मोबाईलमध्ये बघत बसायचा. त्याचं बघणं एरवीपेक्षा जरा जास्तच लक्षपूर्वक असायचं.

परवाच्या श्रावणात मी तिथे होते. हातभर लांब मरळ मामांनी पाण्यातच धरली, गळ सोडवला आणि हात सैल केला. ती लगेच गेली नाही. तळव्यावर थोडी थांबली आणि मग गेली. मला भरून आलं. भरून आलं की मी लिहायला बसते, ही घरची खोड.

दोन दिवसांत पत्रक तयार झालं. 'पाणी गावाचं, पाटी कुणाची?' ठेक्याच्या अटी, गावकऱ्यांचा हक्क, राखणदारामार्फत चाललेली दडपशाही, सगळं मांडलं. आणि गळवाल्यांमुळे माशांचा नाश होतो या आरोपाला उत्तर म्हणून एक परिच्छेद : याच तलावावर एक ज्येष्ठ फिटर पिसाच्या माशीने मरळ धरतात आणि तिला जिवंत पाण्यात सोडतात. मामांचं नाव घातलं नाही. तेवढी काळजी घेतली, याचं मला समाधान होतं. कर्जतच्या बाजारात स्वतः उभी राहून मी ते वाटलं. जामखेडपर्यंत ते मोबाईलवर फिरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी राखणदार घरी आला. ओट्यावर बसला नाही. उभाच राहिला.

"फिटर, उद्यापासून येऊ नगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच बोलले, "पण मी नाव कुठं टाकलंय?"

"न्हाई टाकलं ताई. पर आख्ख्या तालुक्यात कोंबड्याच्या पिसानं मासं धरनारा दुसरा फिटर दावा मला."

मामी आतून हसली.

मामांनी त्या दिवशी काठी बाहेर काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून बसले. मी माहितीच्या अधिकारात अर्ज करू म्हटलं, तहसीलला मोर्चा नेऊ म्हटलं. ते म्हणाले, "कर की. तुझं बरोबरच हाय." एवढं बोलून पुन्हा भिंत.

मग मी ठेकेदाराला गाठलं. मिरजगावच्या रस्त्यावरच्या हॉटेलात तो चहा पीत होता. माझं पत्रक घडी करून त्याच्या खिशात होतं.

"बसा मॅडम. लिवलंय झकास. दोनदा वाचलं मी."

मी पाणी, हक्क, गाव यावर बोलले. त्याने मध्ये तोडलं नाही. चहा संपवला.

"हे बघा. माझी बोटुकली खानारा मासा तुमचा मामा माझ्याच तळ्यात जित्ता सोडतो. हे मी म्हनत न्हाई, तुमी छापलंय. मग मी काय करू, तुमचं छापलेलं खोटं मानू?"

वीस वर्षं घड्या घातलेल्या पत्रकांत या प्रश्नाचं उत्तर कुठे नव्हतं.

"म्हातारं मानूस हाय, मला बी कळतं," तो म्हणाला. "येऊ द्या त्यांना. पर धरली की मारायची. मेलेल्या मरळीचा फोटो राखनदारानं मला पाठवायचा. श्रावन असो, न्हाईतर काय असो."

मी तो निरोप घरी आणला तो मामा नकार देतील याच खात्रीने. त्यांचा नकार कसा लिहायचा याची वाक्यंसुद्धा बसमध्ये जुळत होती.

मामा म्हणाले, "बरं."

"बरं काय मामा? श्रावण चालू आहे. पिल्लं असतात, तुम्हीच सांगितलंत."

"जाऊ की उद्या," ते म्हणाले.

सकाळी गेलो. तळ्यावर वारा नव्हता. राखणदार आमच्यापासून दहा पावलांवर येऊन बसला. मोबाईल हातात होता, पण या वेळी नजर आमच्यावर. मामांनी काठी मागे नेली, थांबले, पुढे आणली. दोरी गवताच्या कडेला पडली. तासभर काही नाही. मी मनात म्हणत होते, नको येऊ. मग पाणी फुगलं आणि काठी वाकली.

मामांनी तिला घाई न करता जवळ आणलं. मला वाटलं दोरी सैल सोडतील. नुसता हात खाली करायचा होता. सुटली, असं म्हणता आलं असतं. रोज कुणाची ना कुणाची सुटतेच. त्यांनी तिला काठावर ओढलं, दगड घेतला आणि डोक्यावर मारला. दुसरा घाव चुकला, म्हणून तिसरा.

राखणदाराने फोटो काढला. पाठवला. उत्तरादाखल एक अंगठा आला, तो त्याने आम्हाला दाखवला.

"न्या घरी," तो म्हणाला.

"श्रावन हाय. तू ने."

"आमच्यात बी न्हाई चालत."

मरळ तिघांच्या मध्ये पडून राहिली. शेवटी राखणदाराने तिला शेपटीला धरून भरावापलीकडे टाकलं. तिथे कुत्री असतात.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "मामा, सुटू द्यायची होती. कुणाला कळलं असतं?"

ते गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. "त्याला कळलं असतं. तो समोर बसला हुता. मग त्यानं एक तर माझ्यासाठी खोटं बोलायचं न्हाईतर माझं नाव सांगायचं. मागं सोडल्याली मरळ लपवली म्हनून ठेकेदारानं त्याला लई झापलंय. तिसऱ्या दिवशी आपल्या दारात आला न्हवता का, त्याच्या आदल्या सांजंला त्याची नोकरीच गेल्ती. हातापाया पडून परत घेतलीय."

राखणदार माझ्या पत्रकात होता. 'दडपशाही' या शब्दाच्या आधी, एका शब्दात.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू लिवलं असतंस," मामा म्हणाले.

रागावून नाही. तसं ते कधीच रागावले नाहीत माझ्यावर. काठी त्यांनी माझ्या हातात दिली, मोकळ्या हाताने माझा खांदा धरला, आणि चढ लागेपर्यंत आम्ही तसेच हळूहळू चालत राहिलो.