लाल बिनमधली झाडं

“मावशी, तुमच्या मनी प्लँटच्या बुडाशी आमचे ब्रॅकेट निघालेत!” क्वालिटीच्या मॅडम मातीच्या हातांनी माझ्यासमोर उभ्या. “उद्या कस्टमरचं ऑडिट आहे. झाडं आत्ताच्या आत्ता बाहेर काढा.”

चाकणच्या एका कंपनीत बागेचं काम माझ्याकडे आहे. मी आणि माझ्या हाताखाली दोघीजणी. बागकाम मला कुणी शिकवलं नाही, करत करत आलं. तिथं गाड्यांचे ब्रॅकेटसारखे लोखंडी पार्ट बनतात. स्क्रॅप यार्डात तडकलेल्या बिनचा ढीग होता. बिन म्हणजे पार्ट ठेवायचा प्लास्टिकचा चौकोनी डबा. म्हटलं, फेकायचे कशाला? बुडाला भोकं पाडली, माती-शेणखत भरलं. शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडमध्ये, मनी प्लँट, आणि शटरजवळ ऊन येतं तिथं तुळस. मॅनेजर साहेब खूश. म्हणाले, “ऑडिट नीट पार पडू दे, पुढच्या वर्षाचं कामही तुम्हालाच.”

आता कंपनीत रंग म्हणजे हुकूम असतो बरं का. लाल बिन म्हणजे रिजेक्शन. खराब पीस त्यात टाकायचा, मोजायचा, कुलूप लावायचं. ऑपरेटरच्या हाताला तीच सवय. आणि माझे सगळे बिन लाल! लाल दिसला की हात पीस सोडतो, आत झाड आहे हे बघतो कोण? मातीत गेलेला पीस मोजलाच जात नाही. ऑडिटवाले नेमकं तेच हुडकायला येतात.

“हिरवा रंग मारते,” मी म्हटलं.

“हिरवा म्हणजे ओके माल. मग चांगले पीस मातीत जातील.”

“पिवळा?”

“तो रिवर्कचा, दुरुस्तीला काढलेल्या मालाचा.”

“निळा तरी मोकळा ठेवलाय का?”

“कच्च्या मालाला दिलाय.” मॅडमना हसू फुटलं. “मावशी, आमच्याकडे रंगच शिल्लक नाही.”

मशिनवरचा ऑपरेटर गणेश ओरडला, “मावशी, बिनरंगाचे करा!”

तो थट्टा करत होता, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही तिघींनी बिनना बाहेरून गोणपाट शिवलं, त्यावर गेरू सारवला आणि चुन्याची पांढरी किनार काढली.

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो, हा पण लालच की!”

“हा कंपनीचा लाल नाही, घरचा आहे. एक शिफ्ट बघा, मग बोला.”

शिफ्ट सुटताना मॅडमनी स्वतः माती उकरून बघितली. एकही पीस नाही. गणेशला विचारलं तर म्हणाला, “त्यात कसं टाकायचं, मावशी? हातच धजत नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑडिटर साहेब शटरजवळ थांबले. कुंडीकडे पेन रोखून म्हणाले, “हे काय? रिजेक्शन?”

“नाही सर, तुळस,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मातीत पेन खुपसून बघितलं, पुसलं आणि पुढं गेले. काम माझ्याकडं राहिलं.

आठवडाभरानं सेफ्टीच्या साहेबांचं बोलावणं आलं. शॉपमध्ये तेलाचे ड्रम, काडी पेटवायला बंदी, आणि कुणीतरी तुळशीत अगरबत्ती लावली होती. सगळ्या कुंड्या कॅन्टीनच्या भिंतीला गेल्या.

तेव्हापासून मी नवीन जागी कुंडी मांडली की झाडाच्या उन्हाचं नंतर बघते. कुंडी बघून माणसांचे हात काय करायला जातात, ते आधी बघते.