आक्काचा ताप आणि सासरची शेळी

क्षयाच्या माणसाला शेळ्यांत निजवावं आणि धारोष्ण दूध पाजावं, असं आमच्याकडं म्हणत. कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की थोरामोठ्यांचा अपमान व्हायचा. माझी थोरली बहीण, आक्का, या शहाणपणापायी मरता मरता वाचली आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आक्का नळदुर्गला दिली होती. सासरी शेळ्यांचा कळप, आणि त्यांचं सगळं तिच्याच अंगावर. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, गावात सरकारी दवाखाना आला होता, पण शेळी अडली की हात घालायचा तो सुनेनंच. एका उन्हाळ्यात त्यांच्या शेळ्या पाठोपाठ गाभडल्या. दिवस भरायच्या आत पडलेली ती मेलेली पिल्लं आक्कानं उघड्या हातांनी उचलली, पुरली आणि गोठा सारवून काढला. शेळ्यांची विचारपूस मात्र भरपूर झाली. कुणाची नजर लागली, कुठला पाला खाल्ला. सासऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरलाही बोलावणं धाडलं.

पुढं आक्काला ताप यायला लागला, तेव्हा कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं लुगडं भिजायचं. कंबर अशी धरायची की घागर उचलवेना. सासू म्हणाली, कामाचा आळस. दवाखान्यातल्या डॉक्टरनं आधी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. त्या लागू पडेनात तेव्हा खुर्चीवरून न उठता सांगितलं, "क्षय दिसतोय. लेकराला जवळ येऊ देऊ नका." झालं. खोकला नाही, छातीचा फोटो काढलेला नाही, तरी क्षय.

लगेच बैलगाडीतून आक्का माकणीला आमच्या दारात. तिची पोरगी, नुकती कुठं बोलायला लागलेली, तिकडंच ठेवून घेतलेली. गाडीच्या मागं एक दुभती शेळी बांधली होती. सासरे वडिलांना म्हणाले, "दुधाला शेळी दिलीय संगं. आमी काय कमी पडू दिलं न्हाय बगा." या दिलदारीचं गावात केवढं कौतुक झालं. ती शेळी गाभडलेल्यांपैकीच एक होती.

आमच्या घरानंही कसर ठेवली नाही. छपरात शेळीशेजारी आक्काची बाज टाकली. आई धार काढून तिथल्या तिथं तांब्या तिच्या तोंडाला लावायची, फेस मोडायच्या आत. तापवलं तर दुधातलं सत्त्व जातं म्हणून ते चुलीजवळही नेत नसत. मधेच ताप उतरायचा, सगळे शेळीचे गुण गायचे. ताप परत आला की दूध वाढवायचं. आक्का वाळत चालली होती. ती एकच विचारायची, "माझी पोरगी कवा आणता?" बरी झालीस की आणू, असं आम्ही सांगायचो.

शेवटी आईच वडिलांवर चिडली. "खोकत न्हाय, थुंकत न्हाय, आन् क्षय कसला म्हणायचा हा? सोलापूरला न्या तिला." वडिलांनी नेलं. सोबत मी होते.

सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ होती. मग त्यांनी विचारलं, घरात जनावरं कोणती, इतक्यात गाभडली होती का. आक्कानं सगळं सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला दिलं आणि त्यात ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप निघाला. गाभडलेल्या शेळीला हात लावला की तो लागतो, तिचं कच्चं दूध प्यालं तरी लागतो. डॉक्टर म्हणाले, हा फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही, लोक हिवताप नाहीतर क्षय म्हणून मोकळे होतात. एका माणसाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. वडील खाली मान घालून ऐकत होते. माझं डोकं भणभणलं. ज्या गावात घरोघरी शेळ्या, तिथल्या डॉक्टरला हा एवढा प्रश्न सुचू नये? आणि आम्ही, तिची जिवाभावाची माणसं, रोज तोच रोग तांब्यात काढून तिला पाजत होतो.

सुया टोचल्या, गोळ्या झाल्या, आक्का हिंडूफिरू लागली. तिला घेऊन आम्ही नळदुर्गला गेलो. वडिलांनी सगळं समजावून सांगितलं. सासू म्हणाली, "शेळीचा ताप बाईमाणसाला? आमी जलमभर दूध पितोय की." मला फाडफाड बोलायचं होतं, पण बहिणीच्या सासरी धाकटीनं तोंड उघडायचं नसतं.

तेवढ्यात पोरगी आतून आली. आईला बघून थबकली आणि झटकन तळहात तोंडावर दाबून उभी राहिली. आक्कानं हात पुढं केले तशी मागं सरली.

"शिकवलंय तिला," सासू कौतुकानं म्हणाली. "लई शानी हाय. इसरत न्हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आक्कापासून कुणाला काही होणार नव्हतं, पहिल्यापासूनच होणार नव्हतं. तरी ती उंबऱ्यापाशी खाली बसली आणि पदरानं स्वतःचं तोंड झाकून घेतलं. मग पोरगी जवळ आली.